पांढरी सहा

आत्याला साताऱ्याहून पुण्याला आणताना आनेवाडीचा टोल मागे पडला आणि मी मुद्दाम काही न बोलता आत्याचं गाणं लावलं. गाडीत नवी सिस्टीम बसवून आठच दिवस झाले होते, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी पुण्याहून निघाल्यापासून मी याच क्षणाची वाट बघत होते. सुरुवातीची सतार इतकी स्वच्छ आली की तारेवर घासलेलं नख ऐकू यावं. आत्यानं नेहमीसारखे डोळे मिटले, मांडीवरच्या पर्सवर बोटानं ठेका धरला. पहिली ओळ ती कायम गाणाऱ्या बाईला देते, दुसऱ्या ओळीत स्वतः शिरते. तशी शिरली. अर्ध्यात थांबली. घसा खाकरला, पुन्हा उचललं, पुन्हा थांबली. मग हँडल फिरवून खिडकीची काच चार बोटं खाली केली आणि बाहेरच्या उसाकडे बघत बसली.

"काय गं, आवडलं नाही?"

"आवडलं की. छान स्वच्छ येतंय." जरा वेळानं म्हणाली, "फक्त ही बाई एवढी धावत कुठं निघालीय?"

मी हसले. ती हसली नाही. पुण्यापर्यंत तिनं एकही गाणं म्हटलं नाही, आणि खंबाटकीच्या बोगद्यात तर मीच आवाज बंद केला.

गाडी मुळात तिचीच. 2003 साली आत्या शाळेतून निवृत्त झाली. पैसे कुठं गुंतवावेत याचे सल्ले द्यायला झाडून सगळे नातेवाईक साताऱ्यात हजर झाले, आणि हिनं कुणालाही न विचारता झेन घेतली. मोतिया रंगाची. तोवर तिला सायकलखेरीज काही चालवता येत नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकली, आणि दोनच वर्षांत मला शिकवायला बसली. यवतेश्वरच्या घाटात, स्वतःचा उजवा हात हँडब्रेकवर ठेवून, वर्गात फळ्याशी उभं केल्याच्या आवाजात. 'आता तू चुकलीस तर दोघी जाऊ' हे वाक्य इतक्या शांतपणे म्हणायची की चुकायची हिंमतच होत नसे. पुढं गुडघ्यांनी क्लचशी असहकार पुकारला तेव्हा किल्ली माझ्या हातात आली. पंधरा वर्षं झाली तेव्हा पासिंग झालं, पर्यावरण कर भरला, पाच वर्षांनी परत तेच. दर वेळी घरातलं कुणीतरी विचारतं, 'अजून किती दिवस?' मी विषय बदलते. गाडीच्या किमतीपेक्षा तिच्या कागदांवर जास्त खर्च होतोय हे मला गणित येत असल्यामुळं कळतं.

शोरूममधून निघाली तेव्हा डॅशबोर्डमध्ये नुसतं चौकोनी भोक होतं. टेप नंतर बसवला. हिरवट उजेडाचा, दोन्ही बाजूंना गोल बटणं असलेला, आपोआप बाजू न बदलणारा. बाजू बदलायची तर कॅसेट बाहेर काढून उलटवायची. त्यामुळं आमचा पुणे-सातारा रस्ता किलोमीटरवर नाही, बाजूंवर मोजला जायचा. वारज्यातून निघताना लावलेली ए बाजू खेड शिवापूरच्या टोलच्या रांगेत संपायची, बी बाजू नीरेचा पूल ओलांडून शिरवळला. मग चहा. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकरांच्या दुकानातून वेचून आणलेल्या कॅसेटी बुटांच्या खोक्यात, कण्यावर निळ्या शाईनं नंबर घातलेल्या, आणि खोक्यात एक षटकोनी पेन्सिल कायम. पेन्सिल कशाला, हे ज्यांना सांगावं लागेल त्यांनी हा लेख वाचून उपयोग नाही.

त्या टेपची एक गंमत मला फार उशिरा कळली. गाणं सुरू व्हायच्या आधीच्या सुस्काऱ्यात, अगदी लांबून, पहिल्या सुराची सावली ऐकू यायची. कॅसेट वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की फितीच्या एका वेढ्यावरचं ध्वनिमुद्रण शेजारच्या वेढ्यावर पुसटसं उमटतं, त्याचा तो परिणाम. मला तो दोष वाटायचा. आत्या मात्र त्या सावलीवरच सूर पकडायची. वाद्यं सुरू व्हायच्या आधी तिचा षड्ज ओठांत तयार असायचा.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर टेपनं कॅसेट खाल्ली. बटण दाबलं, कॅसेट अर्धी बाहेर आली आणि मागं तपकिरी फितीचं आतडं लोंबकळत राहिलं. सात नंबरची कॅसेट. मी ती चहाच्या टपरीसमोर बॉनेटवर ठेवून वीस मिनिटं सोडवली, इस्त्री केल्यासारखी बोटांनी सरळ केली, तरी एका कडव्यात कायमची चुणी पडली. तशी तक्रार जुनीच होती. फोनवरची गाणी ऐकायला मी लायटरच्या भोकात एक एफएम ट्रान्समीटर खुपसला होता. त्यात कात्रजच्या बोगद्यापर्यंत विविध भारती आणि माझी गाणी एकमेकांच्या उरावर बसायची. चुणी पडली त्या दिवशी ठरवलं, बस झालं.

नाना पेठेत गाडीच्या सामानाच्या दुकानांत शिरलं की पहिला प्रश्न गाडीचा नसतो, स्क्रीनचा असतो. "मॅडम, नऊ इंची टाकू. यूट्यूब चालेल, रिव्हर्स कॅमेरा फ्री." मी म्हटलं, भोक एवढंएवढं आहे. त्यानं डॅशबोर्डकडे कसायाच्या नजरेनं पाहिलं. "कापून बसवतो की. सगळे कापतात." हे भोक जगभर एकाच मापाचं असतं, 180 बाय 50 मिलिमीटर. मूळ जर्मन मानक, म्हणून त्याला सिंगल डिन म्हणतात. मोठ्या स्क्रीनला त्याच्या दुप्पट उंची लागते, ते डबल डिन. म्हणजे झेनमध्ये स्क्रीन बसवायचा तर खालचा कप्पा आणि एसीच्या बटणांचा शेजार, सगळ्याला आरी. मला ते नको होतं. का, ते सांगता येईना, त्यामुळं बजेट नाही म्हणाले. मग त्यानं सिंगल डिनचा, ब्लूटूथ आणि पेनड्राइव्ह चालणारा, कॅसेट किंवा सीडीचं तोंडच नसलेला एक डेक खाली काढला. खोक्यावर ठळक अक्षरांत 50 वॅट गुणिले 4. या आकड्यावर कुणी भाळू नये. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास, आणि तेवढ्यात दर स्पीकरला सलग वीसेक वॅट मिळाले तरी खूप. पण वीस वॅटही झेनच्या पोटात भरपूर होतात.

दाराचं पॅनल उघडलं तो भाग मात्र मी जन्मभर विसरणार नाही. स्क्रू काढले, क्लिपा एकेक करून टचटच सुटल्या आणि आतून ओल्या गोणपाटाचा वास आला. जुन्या स्पीकरचा कागदी कोन एवढा भुसभुशीत झाला होता की मुलानं बोट टेकवताच आरपार गेलं. कडेचा फोम तर चहात बुडवलेल्या खारीसारखा सुटून हातात आला. आणि त्याखाली, दाराच्या तळाशी, काचेच्या फटीतून वीस वर्षं निसटत गेलेला ऐवज: केसांचे तीन आकडे, वेलचीची सालं, एसटीचं गुंडाळलेलं तिकीट, खडूचा एक तुकडा आणि चाराण्याचं नाणं. चाराणे 2011 मध्ये चलनातून गेले. हे नाणं त्याच्या आधीच दारात शिरलं असणार, म्हणजे आपण बाद झाल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. खडू बघून त्या मुलानं विचारलं, "टीचर होत्या का?" मी सगळं रुमालात बांधलं.

मागं वायरींची वेगळी कथा. पिवळी थेट बॅटरीवरून, लाल किल्लीवरून, काळी अर्थिंग. पांढरी-राखाडी पुढच्या स्पीकरांना, हिरवी-जांभळी मागच्या. हा रंगांचा करार बहुतेक कंपन्या पाळतात, पण आमच्या गाडीत आधी कुणीतरी सगळ्या वायरी पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळली होती, आणि इतक्या उन्हाळ्यांत त्या टेपचा डिंक वितळून गुळाच्या पाकासारखा झाला होता. त्यानं सगळं सोडवून सोल्डर केलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा गाण्यामागून एक बारीक शिट्टी येत होती, अॅक्सिलरेटर दाबला की तीही वर चढायची. अल्टरनेटरचा आवाज. अर्थिंग रंग दिलेल्या स्क्रूवर घेतलं होतं. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घेतल्यावर शिट्टी गेली. चार इंची नवे स्पीकर, दाराच्या पत्र्याला आतून डांबरासारखी चिकट शीट, सगळं मिळून साडेआठ हजार. घरी येताना मी गणेशखिंडीतून उगाच लांबचा फेरा मारला. इतकी वर्षं ऐकलेल्या गाण्यात मागं एक मंजिरी वाजते, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

आणि आत्या म्हणाली, ही बाई धावत कुठं निघालीय.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण असंच काहीतरी ती आधीही म्हणायची. रेडिओवर तेच गाणं लागलं की ती हटकून म्हणे, "आकाशवाणीवाले घाईत लावतात गं, बातम्यांना उशीर होऊ नये म्हणून." आम्ही सगळे हसायचो. हसून सोडून दिलेल्या वाक्यांचं असं होतं, ती परत येतात. माझ्या फोनमध्ये दोन वर्षांपूर्वीचा एक व्हिडिओ होता: खेड शिवापूरची रांग, जुना टेप चालू, आत्या गातेय. रात्री बाबांची पेटी काढली. भात्याला भोक आहे, पण सूर लागतात. आधी नव्या डेकवर लावलेलं गाणं ऐकलं आणि षड्ज शोधला. काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी. मग व्हिडिओ लावला. काळी पाच दाबली तर सूर खाजवल्यासारखा लागेना. बोट एक पट्टी खाली सरकवलं. पांढरी सहा. लख्ख जुळली. टेप पांढरी सहाला, आत्याही पांढरी सहाला.

म्हणजे घाई आकाशवाणीची नव्हती. आमचा टेप सावकाश होता.

जुना डेक नाना पेठेतून मी पिशवीत घालून घरी आणलाच होता. तो घेऊन तपकीर गल्लीत गेले. तिथं एका जिन्याखाली टेप-रेडिओ दुरुस्त करणारे काका बसतात; भिंगाची एक काच कपाळावर, एक डोळ्यावर. त्यांनी झाकण उघडलं, चिमट्यानं आतून एक रबरी बेल्ट उचलला. करगोट्याएवढा. तो चिमट्यावरून नुसता लोंबला, गोल झालाच नाही. "रबर मेलंय हो." मग त्यांनी दाखवलं. एकच मोटर, एकच बेल्ट. त्यावर जड फिरकी फिरते, ती फीत पुढं ओढते. आणि तिच्याच जोरावर दुसरी चकती ती फीत गुंडाळून घेते. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकायला हवी. बेल्ट ढिला पडला की घसरतो, फीत मागं राहते. एक पट्टी उतरायला किती मागं राहायला लागतं, ते मी घरी येऊन काढलं: सेकंदाला जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. भाताच्या शिताच्या निम्म्यानं.

"पण हे एका दिवसात झालं नसेल ना?" मी विचारलं.

"छ्या. वर्षं लागतात. थोडं थोडं उतरतं, घरच्यांना कळतच नाही. पाहुण्याला कळतं."

आत्याची गाण्यांची वही माझ्याकडे आहे. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर तिच्या शिस्तीतल्या अक्षरात पट्टी लिहिलेली. या गाण्यावर स्वच्छ 'का. 5' लिहिलंय, खाली दोनदा अधोरेखित. निवृत्त झाली तेव्हा ती तिथून गात असणार, आणि तेव्हा टेपही नवा, तोही तिथूनच वाजत असणार. मग टेपचा बेल्ट दरवर्षी थोडा सैल पडत गेला आणि वयानं बायकांचा आवाज उतरतो तसा तिचाही उतरत गेला. दोघं बरोबरीनं, इतकं बरोबरीनं की कुणाला कुणाचं कळलं नाही. पेटी तिनं साताऱ्यात कधीच माळ्यावर टाकली होती. तिच्या आवाजाला सूर दाखवणारी एकच वस्तू उरली होती, आणि ती दर वर्षी तिच्या सोयीनं खाली येत होती. मी साडेआठ हजार रुपये खर्च करून, दाराला शीट लावून, अर्थिंग खरवडून, तिला आनेवाडीच्या पुढं काळी पाच ऐकवली.

काकांनी नवा बेल्ट दोन बोटांत ताणून दाखवला. "हा टाकला की एकदम नव्यासारखा. स्पीड टकाटक."

"आणि जुनाच ठेवला तर? नुसतं साफ करून?"

त्यांनी भिंग वर केलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "मग कॅसेट खाणार. गुंडाळणारी चकतीच कमजोर पडते, फीत आत सांडते. तुमची तक्रार तीच होती ना?"

होती. म्हणजे ज्यामुळं आत्याचा सूर लागत होता, त्यामुळंच सात नंबरची कॅसेट चावली गेली होती. एक ठेवून दुसरं काढायची सोय त्या यंत्रात नव्हती. मी बेल्ट नको म्हणाले, काकांनी जुना बेल्ट प्लास्टिकच्या पुडीत घालून दिला आणि पैसे घेतले नाहीत. 'नुसतं उघडलं तर कसले पैसे.'

पुढचे दोन दिवस मी जे केलं ते मला स्वतःलाच पटत नव्हतं. आत्यानं पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही पोराला ग्रेस मार्क दिले नाहीत. चौतीस म्हणजे चौतीस. पालक रडले तरी चौतीस. आणि मी रात्री साडेअकराला फोनवर गाण्याचा वेग कमी करायचं अॅप शोधत होते. पहिल्या अॅपनं वेग कमी केला, पण पट्टी तीच ठेवली. आजकाल ती तशीच ठेवतात, आवाज घोगरा होऊ नये म्हणून. बाई धावायची थांबली, पण उंचावरच उभी राहिली. मग एक सापडलं ज्यात वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र उतरतात, जुन्या टेपसारखी. पट्टीपुढं उणे एक केलं. अंधारात गाडीत बसून ऐकलं. सतार किंचित जाड झाली, मंजिरी मऊ पडली, आणि खेड शिवापूरची रांग डोळ्यांपुढं उभी राहिली.

डोळे तपासून झाल्यावर आत्याला साताऱ्याला सोडायचं होतं. रविवार, खंबाटकीचा घाट, पुढं ऊस भरलेली ट्रॉली आणि तिच्या मागं आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये. मी गाणं लावलं. सावली नव्हती, ती कुठल्याच अॅपमध्ये नाही. गाणं थेट सुरू झालं आणि आत्याला तयारीला वेळ मिळाला नाही. दुसरी ओळ तिनं जाऊ दिली. माझे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. अंतऱ्याला ती हळूच शिरली, आधी नुसत्या ओठांनी, मग आवाजानं. वरच्या षड्जाला पोचली, थांबली, आजूबाजूला जागा आहे का बघितल्यासारखी, आणि तिथं टिकून राहिली. चुणी पडलेल्या कडव्यात फोनवरच्या गाण्याला काहीच झालं नाही. आत्यानं मात्र सवयीनं तिथं क्षणभर श्वास घेतला.

गाणं संपल्यावर तिचा हात डॅशबोर्डकडे गेला. कॅसेट उलटायला. गुळगुळीत काचेवर बोटं टेकली आणि परत पर्सवर आली.

"रुळली बघ," ती म्हणाली. "मागच्या वेळी कशी अंगावर येत होती. नवीन वस्तूचं असंच असतं, चप्पलसुद्धा आठ दिवस चावते."

"हो ना," मी म्हटलं.

"परत लाव."

फोन आम्हा दोघींच्या मधल्या कप्प्यात उताणा होता आणि स्क्रीनवर ठसठशीत उणे एक दिसत होतं. तिचा चष्मा नवा होता. मी गाणं पुन्हा लावलं आणि फोन पालथा घातला.